वकिलाशिवाय दावा आणि ई-फायलिंग : वाचकांचे प्रश्न

वकील न देता स्वतःचे दिवाणी काम स्वतः चालवणाऱ्या वाचकांकडून आम्ही ई-फायलिंगविषयीचे प्रश्न मागवले होते. सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे संक्षेपाने दिली आहेत. ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे. उत्तरे देणारा मी वकील नाही. दिवाणी कोर्टाच्या कार्यालयात दावे तपासून घेण्याच्या टेबलावर माझी नोकरीची बरीच वर्षे गेली, त्यामुळे उत्तरांत त्या टेबलाचीच नजर अधिक दिसेल.

प्रश्न : माझा टॉवेल विणण्याचा लहान कारखाना आहे. शहरातल्याच एका व्यापाऱ्याकडे निरनिराळ्या बिलांचे मिळून २,८५,००० रुपये थकले आहेत. व्याज धरून ३,४०,००० रुपयांचा दावा मी ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर ‘नियमित दिवाणी दावा’ म्हणून स्वतः भरला. क्रमांक मिळाला, परंतु पंधरा दिवस झाले तरी तारीख कळलेली नाही. शेवटच्या बिलाला पुढच्या महिन्यात तीन वर्षे पूर्ण होतील. दावा मुदतीत दाखल झाला असे मी समजावे काय? (अशोक चौक परिसर)

उत्तर : तसे समजू नये. आपल्याला मिळालेला क्रमांक हा कागद संकेतस्थळावर पोहोचल्याची पोच आहे. त्यानंतर कोर्टाचे कार्यालय दावा उघडून तपासते, त्रुटी असल्यास कळवते, त्रुटी दूर झाल्यावर दावा नोंदवला जातो आणि मगच त्याला दावा क्रमांक व सोळा अक्षरांचा, ‘एमएच’ने सुरू होणारा सीएनआर क्रमांक (दाव्याचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. आपण आपल्या खात्यात जाऊन दावा ‘पेंडिंग अ‍ॅक्सेप्टन्स’मध्ये आहे की ‘नॉट अ‍ॅक्सेप्टेड’मध्ये, की ‘डिफेक्टिव्ह’मध्ये जाऊन पडला आहे, हे आजच पाहावे. पूर्वी पक्षकार टेबलासमोर उभा असे आणि कारकून त्याला तोंडावर सांगत असे, की सत्यापनाखाली ठिकाण व दिनांक नाही, फेरिस्तीत, म्हणजे कागदांच्या यादीत, सात कागद लिहिले आहेत आणि जोडलेले पाचच आहेत, प्रतिवादीचा पत्ता अपुरा आहे, कोर्ट फी कमी आहे. आता हेच सारे संगणकाच्या पडद्यावर लिहिले जाते आणि पाहणारा पाहीपर्यंत तेथेच राहते. वकिलाच्या कार्यालयात ते रोज पाहणारे कोणीतरी असते. आपल्या बाबतीत ते काम आपलेच आहे.

याहून मोठी अडचण आपण निवडलेल्या दाव्याच्या प्रकारात आहे. दोन व्यापाऱ्यांमधला मालविक्रीचा वाद हा व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ खाली ‘व्यापारी वाद’ ठरतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान रक्कम ३ लाख रुपये आहे. ही रक्कम मोजताना दावा दाखल करण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज मुद्दलात मिळवले जाते. म्हणजे २,८५,००० रुपयांचे आपले मुद्दल या रेषेच्या अलीकडे असले, तरी ३,४०,००० रुपयांची मागणी पलीकडे जाते. अशा दाव्यात तातडीचा अंतरिम मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करणे कलम १२-अ प्रमाणे बंधनकारक आहे; ते न करता आणलेला दावा फेटाळला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशनच्या निकालात ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ई-फायलिंगचा फॉर्म यातले काहीही आपल्याला विचारत नाही. यादीतून जो प्रकार निवडाल तो तो निमूटपणे घेतो, आणि चूक उघडी पडते ती पुढे, बहुधा समोरच्या वकिलाच्या अर्जावरून.

आता मुदत. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांची मुदत साधारणपणे माल दिल्याच्या तारखेपासून, आणि उधारीची ठरावीक मुदत दिली असल्यास ती संपल्यापासून, प्रत्येक बिलासाठी वेगळी मोजली जाते. शेवटचे बिल मुदतीत आहे म्हणून त्याच्या आधीची सर्व बिलेही मुदतीत येतात, हा समज आमच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या व्यापाऱ्यांचा असे, आणि आपल्या पत्रातही तो डोकावतो. आधीच्या बिलांची मुदत संपण्यापूर्वी त्या व्यापाऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली असेल, किंवा धनादेशाने काही रक्कम हप्त्यापोटी दिली असेल, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. म्हणून प्रथम बिलांच्या तारखा, जमा रकमा आणि कबुलीची पत्रे एका कागदावर मांडावीत. मुदतबाह्य बिले वगळल्यावर मागणी ३ लाखांच्या खाली आली, तर आपला दावा व्यापारी राहणारच नाही, साधा दिवाणी दावा होईल, आणि मग आपण निवडलेला प्रकारच बरोबर ठरेल. मागणी ३ लाखांच्या वर राहिली, तर विलंब न करता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज द्यावा. मध्यस्थी तीन महिन्यांत, आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते, आणि तीत गेलेला काळ मुदतीच्या हिशोबात धरला जात नाही. समोरचा आला नाही तरी तसा अहवाल मिळतो. तो दाव्यासोबत जोडावा. आपल्या कारखान्याची उद्यम नोंदणी असेल, तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकबाकीसाठी २००६ च्या कायद्यातील सुविधा परिषदेचा मार्गही आपल्याला खुला आहे. तेथे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. कोर्टाकडे वळण्यापूर्वी त्याचा विचार अवश्य करावा.

दावा नोंदवला गेल्यानंतर समन्सचा भत्ता, म्हणजे समन्स बजावण्याचा खर्च, भरण्यास विसरू नये. भत्ता न भरल्यामुळे समन्स निघाले नाही तर दावा काढून टाकता येतो, आणि समन्स न बजावता परत आल्यावर सात दिवसांत नवे समन्स मागितले नाही तरीही तीच वेळ येते. व्हॉट्सअ‍ॅपवरची कबुली पुरावा म्हणून द्यायची असल्यास पडद्याचे छायाचित्र अपलोड करून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. पहिला भाग आपण भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य (नोंदीत बदल झालेला नाही हे ओळखण्यासाठी संगणकाने काढलेला संकेतांक) द्यावे लागते. तोवर तो मोबाइल विकू नये, बदलू नये, आणि तो संवाद पुसू नये.

प्रश्न : वडिलांची बार्शी तालुक्यातील शेतजमीन भावांनी वाटून घेतली, मला हिस्सा दिला नाही. मी सोलापुरात राहते. वाटपाचा दावा मी स्वतः ऑनलाइन भरू शकेन का, आणि तो मराठीत चालेल का? कोर्ट फी बरीच लागेल, अशी भीती आहे. (जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, दावा मराठीत चालेल, महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठीच आहे. मजकूर मात्र युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधली फाइल पीडीएफ करताना कधीकधी अक्षरांचे चौकोन होतात, आणि आपल्याकडे नीट दिसणारी फाइल तपासणाऱ्याच्या संगणकावर वाचता येईनाशी होते. अपलोड करण्यापूर्वी ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी.

फॉर्ममध्ये न्यायालय निवडताना आपण राहता ते सोलापूर निवडू नये. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तेथे करावयाचा असतो, म्हणजे येथे बार्शीला. कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते. ५ लाख रुपयांपर्यंतचे दावे कनिष्ठ स्तर न्यायालयाकडे जातात. चालू सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा. त्याला प्रत्येकी १५ रुपये पडतात आणि तो स्कॅन करावा लागत नाही, त्यामुळे अस्पष्ट प्रतीची हरकतही येत नाही. जुने फेरफार स्कॅन करताना ३०० डीपीआय ठेवावा आणि घडीवर आलेली ओळ वाचता येते की नाही हे पाहावे, कारण वाटपाच्या दाव्यात नेमकी तीच ओळ महत्त्वाची निघते. अपलोड केल्याने मूळ कागदाचे काम संपत नाही. मुद्दे काढण्याच्या, म्हणजे वादाचे प्रश्न न्यायालय ठरवते त्या, वेळी किंवा त्याआधी मूळ कागद हजर करावे लागतात. ते घरात कुठेही न टाकता एका पिशवीत नीट ठेवावेत.

कोर्ट फीबद्दल : राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या विषयांतील कामांत महिला पक्षकारांना फी माफ केली आहे. ऑनलाइन फॉर्म शून्य फी सहजासहजी घेत नाही, म्हणून माफीचा आधार दाव्यातच एका परिच्छेदात लिहावा आणि अधिसूचनेची प्रत जोडावी. ज्या वाचकांना फी भरावी लागते त्यांनी ती शासनाच्या ‘ग्रास’ प्रणालीतून भरावी व चलनावरचा जीआरएन क्रमांक जपून ठेवावा. खात्यातून पैसे गेले आणि चलन निघाले नाही, असे झाल्यास घाईने दुसऱ्यांदा भरण्याऐवजी आधी त्या व्यवहाराची स्थिती तपासावी.

इतके सांगूनही माझे प्रामाणिक मत असे आहे, की हा दावा आपण एकट्याने चालवू नये. वाटपाच्या दाव्यात सर्व सहहिस्सेदार पक्षकार असावे लागतात. एखादी मयत बहीण आणि तिची मुले राहून गेली तर दावा कित्येक वर्षांनंतरही अडतो. प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा निकाल, झाल्यावर शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि तेथे पुन्हा पाठपुरावा करावा लागतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; बार्शीला तालुका विधी सेवा समितीकडे किंवा सोलापुरात जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. वकील मिळाल्यावरही ई-फायलिंगवरील नोंदी स्वतः पाहण्यास आपल्याला कोणीही अडवणार नाही, आणि त्या आपण पाहाव्यात.

प्रश्न : माझे वय ७४ आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही. माझ्या भाडेकरूविरुद्धच्या दाव्याचे सर्व ऑनलाइन काम पुण्यात राहणारा मुलगा त्याच्या नावाने करू शकेल का? (होटगी रोड)

उत्तर : काका, मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिल्यास तो आपला मुखत्यार म्हणून दाव्यावर सही करू शकतो व कागद दाखल करू शकतो. मात्र मुखत्यार हा वकील नव्हे. न्यायालयापुढे आपल्या वतीने युक्तिवाद करावयाचा असेल, तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३२ खाली न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती देणे न देणे न्यायालयाच्या इच्छेवर असते. भाडे कधी ठरले, किती ठरले, आपल्यासमोर काय बोलणे झाले, या आपल्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींची साक्ष तो आपल्याऐवजी देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये जानकी भोजवानी यांच्या प्रकरणात हे ठरवले आहे. साक्षीच्या वेळी आपल्यालाच जावे लागेल.

नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचा द्यायचा, याचा मात्र विचार करावा, कारण त्रुटीची सूचना व पुढचे निरोप तेथेच येतात. मला एक प्रकरण आठवते. एका गृहस्थांनी सगळे काम सायबर कॅफेतून करवून घेतले आणि नोंदणीत कॅफेवाल्याचाच क्रमांक पडला. त्रुटी दोन दिवसांत कळवल्या गेल्या होत्या. गृहस्थांना त्या चार महिन्यांनी समजल्या, आणि तोवर मुदत संपली होती. मुलाचा क्रमांक दिला तरी चालेल, पण तो आलेले संदेश वाचणारा मुलगा असावा! आधार ओटीपीने ई-सही करावयाची असेल, तर आपल्या आधारला जोडलेला मोबाइल जवळ लागतो. ते जमत नसेल, तर हाताने सही केलेली प्रत स्कॅन करून घेता येते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात स्कॅनिंग व अपलोड करण्यास मदत मिळते. दावा लिहून देणे हे तेथील कर्मचाऱ्याचे काम नाही, त्यामुळे लिहिलेला दावा घेऊनच जावे.

प्रश्न : शेजाऱ्याने बांधावरून माझ्यावर मनाईचा दावा केला आहे. समन्स मिळून वीस दिवस झाले. कैफियत ऑनलाइन दिली तर तारखेला हजर राहण्याची गरज आहे का? (सांगोला तालुका)

उत्तर : गरज आहे. कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले आपले लेखी उत्तर, अपलोड करणे आणि हजर होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आपण गैरहजर राहिलात, तर काम आपल्याविरुद्ध एकतर्फा चालवण्याचा आदेश होऊ शकतो. तसा आदेश झालाच, तर पुढच्या तारखेला योग्य कारण दाखवून तो रद्द करून घेता येतो. परंतु एकतर्फा हुकूमनामाच होऊन बसला, तर तो रद्द करण्याच्या अर्जाला तीस दिवसांचीच मुदत असते.

कैफियतीला समन्स बजावल्यापासून तीस दिवस आहेत. न्यायालय कारणे नोंदवून ती नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दिवाणी दाव्यात अगदी अपवादात्मक कारण असल्यास त्यापलीकडेही सूट मिळते, परंतु तिच्यावर भिस्त ठेवू नये. आपल्याजवळ दहा दिवस आहेत, ते पुरेसे आहेत. समन्सवर सीएनआर क्रमांक असेल. त्याच्या आधारे ई-फायलिंगमध्ये चालू दाव्यात कागद दाखल करता येतो आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख कळते. कैफियत लिहिताना ‘दाव्यातील सर्व मजकूर खोटा आहे’ अशा एकाच वाक्यावर थांबू नये. प्रत्येक परिच्छेदाला नेमके उत्तर द्यावे, कारण स्पष्टपणे न नाकारलेली गोष्ट मान्य केली असे धरले जाऊ शकते. बांधाच्या वादात मोजणीचा नकाशा असेल तर तो जोडावा. तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचे म्हणणे वेगळे द्यावे लागते. आधी सुनावणी त्याचीच होते. कैफियतीची प्रत वादीलाही द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

प्रश्न : माझ्या घराच्या बांधकामावर शेजारी कोर्टातून स्थगिती आणील असे वाटते. मला न ऐकता आदेश होऊ नये यासाठी घरबसल्या काही करता येईल का? (मंगळवेढा)

उत्तर : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश करू नये असा अर्ज, दाखल करावे; ई-फायलिंगवर त्याची सोय आहे. त्याची नोटीस शेजाऱ्याला पोचदेय रजिस्टर टपालाने पाठवून टपालाची पावती जोडावी. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते. तेवढ्यात दावा आला नाही आणि भीती कायम असेल, तर नव्याने दाखल करावे लागते.

प्रश्न : जिल्हा न्यायालयात माझे अपील फेटाळले गेले. दुसरे अपील मी स्वतः कोल्हापूरला ऑनलाइन दाखल करू शकेन का? (अक्कलकोट)

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. दुसऱ्या अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे आणि ते केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच स्वीकारले जाते. साक्षीदार खोटे बोलले किंवा पुराव्याचे वजन चुकीचे धरले, एवढ्या तक्रारीवर ते पहिल्याच सुनावणीत फेटाळले जाण्याचा संभव असतो. शिवाय उच्च न्यायालयात स्वतः काम चालवू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत; पक्षकाराचे कागद आणि स्वतः बाजू मांडण्याची त्याची तयारी एक समिती पाहते आणि त्यानंतर परवानगीचा प्रश्न येतो. निकालाच्या नकलेसाठी अर्ज आजच द्यावा. नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, परंतु अर्ज देण्यास आपण लावलेले दिवस वजा होत नाहीत.